शून्यही लिहा!

थंडीत पक्षी पाहायला जाण्याची प्रथा आता बऱ्याच शाळांत पडली आहे. डिसेंबर-जानेवारीत सहल निघते, वहीत नावे लिहिली जातात आणि फेब्रुवारी सरताच दुर्बीण कपाटात जाते. माझ्या मते पाहण्याची खरी वेळ तेव्हाच सुरू होते.

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरचे उदाहरण घ्या. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या या पाणथळ जागेला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे. मार्च-एप्रिलमध्ये पाणी उतरते, चिखल उघडा पडतो आणि टिलवे, तुतवार, चिखले त्यात भक्ष्य टिपत राहतात. जेमतेम २५ ग्रॅम वजनाचा छोटा टिलवा येथून निघून उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात घरटे करतो. या प्रवासाचे इंधन म्हणजे अंगातील चरबी. छायाचित्रासाठी थवा उडवणे म्हणजे त्याच्या शिदोरीतील घास काढून घेणे होय.

याच दिवसांत त्यांची पिसेही बदलतात. हिवाळ्यात पांढऱ्या पोटाचे दिसणारे काही सुरय आता काळी टोपी आणि काळसर पोट मिरवू लागतात. जानेवारीत ओळखलेला पक्षी पुन्हा नव्याने ओळखावा लागतो.

पण कोण केव्हा गेला? येणारा पक्षी दिसला की तारीख लिहिता येते. जाणारा निरोप घेत नाही. त्याचा शेवटचा दिवस कोणता, हे पुढच्या फेऱ्यांत तो दिसला नाही तरच कळते. एका वर्षी मी मार्चअखेर ‘सर्व गेले’ असे लिहून मोकळा झालो. दोन आठवड्यांनी एका विद्यार्थ्याला तेथेच तुतवारांचा थवा दिसला. प्रयोगशाळेत एकाच वाचनावरून निष्कर्ष काढणाऱ्यांना मी रागावतो. येथे मीच ती चूक केली होती!

नांदूर लांब असेल तर गावचा तलाव निवडा. परीक्षा असतात, हे मान्य. म्हणून चार-पाच जणांनी पाळी लावावी. मार्च ते मे, दर रविवारी, तीच जागा, तीच वेळ, अर्धा तास. सकाळी लवकर जा व सूर्य पाठीशी ठेवा. ऊन चढले की तापलेल्या हवेत प्रकाशकिरण वाकतात आणि दुर्बिणीतून पक्षी थरथरताना दिसतात. दिसतील ते मोजा. जे दिसणार नाहीत त्यांच्यापुढे ‘०’ लिहा. न लिहिलेली जागा काहीच सांगत नाही, शून्य मात्र सांगते.

शिक्षकांना एकच विनंती : ही वही वर्षअखेरीस रद्दीत घालू नका, पुढच्या वर्गाच्या हाती द्या. आपल्या तलावावरचे पक्षी लवकर जाऊ लागले का, या प्रश्नाचे उत्तर एका वर्षाच्या वहीत सापडत नाही.