शहाबादीचा रंग गेला कुठे?

‘काढून टाका ही फरशी, ताई. पेव्हर ब्लॉक टाकू. दोन दिवसांत अंगण चकाचक!’

नागापूरच्या आमच्या घरी आलेल्या मिस्त्रींनी अंगणाकडे एक नजर टाकली आणि निकाल देऊन टाकला. आई गप्प. बाबा तर उठून आतच गेले. एमआयडीसीतली नोकरी पक्की झाल्यावर त्यांनी पहिल्या बोनसमधून ही फरशी बसवून घेतली होती. दहा बाय बारा फुटांचं अंगण, दोन बाय दोनच्या तीस शहाबादी फरशा आणि कडेला तुळशीसाठी कडप्प्याचा काळाभोर कट्टा. याच फरशीवर मी रांगले, सायकलवरून आपटले आणि दहावीचा रिझल्ट ऐकून नाचले.

आता तीच फरशी पिठूळ, पांढुरकी दिसत होती. आणि मंडळी, खरं सांगायचं तर गुन्हेगार मीच होते! गेल्या दिवाळीत पुण्याहून घरी आले आणि आईबाबांना सरप्राइज म्हणून अंगणात बाटलीभर अ‍ॅसिड ओतलं. खराट्यानं घासलं. मस्त फेस आला. मला वाटलं, घाण निघतेय. प्रत्यक्षात निघत होती ती फरशीच.

फेसाचा फंडा

शहाबादी येते कर्नाटकातल्या शहाबाद भागातून, कडप्पा आंध्रातून आणि कोटा राजस्थानातून. तिघांची गावं वेगळी, पण जात एकच. तिन्ही चुनखडीचे दगड. अ‍ॅसिड पडलं की चुनखडी विरघळते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तोच तो फेस! वरचा गुळगुळीत थर गेला की दगडावर बारीक बारीक खड्डे पडतात. त्यांच्यावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो आणि फरशी पांढरट दिसायला लागते. म्हणजे रंग उडालेला नसतो. तो दगडाच्या आत जसाच्या तसा असतो, फक्त आपल्याला दिसत नाही.

आणि अ‍ॅसिड म्हणजे फक्त दुकानातली ती बाटली नव्हे. बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये तेच असतं. लिंबू, व्हिनेगर, चिंच हीसुद्धा त्याच्याच नात्यातली. आई वर्षानुवर्षं तुळशीच्या कट्ट्यावर तांब्याची भांडी चिंचेनं घासायची. कट्ट्यावर पांढरी वर्तुळं कुठून आली, हे कोडं आमच्या घरात आत्ता सुटलं!

आधी टेस्ट, मग खर्च

दुकानात पळण्याआधी तीन सोप्या टेस्ट करा.

एक, फरशीवर तांब्याभर पाणी टाका. ओली झाल्यावर तिचा जुना रंग दिसला, तर समजा केस होपलेस नाही. पाणी त्या बारीक खड्ड्यांत भरतं म्हणून रंग खुलतो.

दोन, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर दगड चुनखडीचा. मग अ‍ॅसिडला कायमचा टाटा! आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सहसा असा फसफसत नाही.

तीन, प्लॅस्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर फरशीवर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले, तर फरशीखाली ओल आहे. अशा फरशीला सीलर लावायचा नाही. ओल आत अडकते आणि क्षारांचे पांढरे डाग पडतात.

वीकएण्ड प्लॅन

मुहूर्त निवडा दिवाळीनंतरचा. पाऊस संपलेला असतो आणि ऊन अजून तापलेलं नसतं. आधी कोरड्या ब्रशनं क्षारांची पांढरी पावडर झाडून घ्या. आधीच पाणी मारलं, तर ती विरघळून पुन्हा दगडात जाते. मग कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड थोडंसं घाला, किंवा ‘पीएच न्यूट्रल’ असं लिहिलेलं स्टोन क्लीनर आणा. नायलॉनच्या ब्रशनं घासा. तारेचा ब्रश नको, ओरखडे पडतात. प्रेशरचा पाइप असेल तर लांबूनच मारा, नाहीतर सांध्यांतलं सिमेंट उखडून येतं.

शेवाळ असेल तर पातळ केलेलं लिक्विड ब्लीच दहा मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्यानं धुवा. झाडांच्या मुळांशी ते पाणी जाऊ देऊ नका. आणि ब्लीच व अ‍ॅसिड कधीही, अगदी चुकूनही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. स्वच्छतेच्या नादात हॉस्पिटल गाठायची वेळ येईल.

धुऊन झालं की निदान दोन दिवस कडक वाळू द्या. उकरलेले सांधे याआधीच भरून घ्या.

सीलर की वॉर्निश?

इथे बहुतेक जण फसतात. ‘चमक येईल’ म्हणून वॉर्निशसारखं कोटिंग मारतात. ते दगडाच्या वर पापुद्र्यासारखं बसतं. उन्हानं त्याचे पोपडे निघतात आणि पावसात त्यावरून घसरायला होतं. घरात साठीच्या पुढची माणसं असतील, तर हा धोका घ्यायचाच कशाला?

अंगणासाठी हवा पेनिट्रेटिंग सीलर. तो दगडात मुरतो, पाणी आणि तेलाचे डाग अडवतो, तरी आतली वाफ बाहेर जाऊ देतो. रंग परत हवा असेल, तर ‘कलर एन्हान्सर’ लिहिलेला डबा घ्या. पाणी टाकल्यावर दिसलेला तो ओला, गडद रंग बराच काळ टिकवायचं काम तो करतो. आधी एकाच फरशीवर लावून पाहा, कारण हा रंग सगळ्यांनाच आवडतो असं नाही. भर उन्हात लावू नका. पातळ हात द्या आणि डब्यावर लिहिलेल्या मिनिटांत जास्तीचा सीलर फडक्यानं पुसून घ्या. नाहीतर चिकट थर राहतो. फरशीवर पाण्याचे मोती बनायचे थांबले, की पुढचा हात द्यायची वेळ आली समजा.

आणि सीलर नसला तर दगड मरतो, असंही नाही हं! आमच्याकडची मंडळी ज्याला चांदबीबीचा महाल म्हणतात, ती खरं तर सलाबतखानाची कबर. चारशे वर्षांहून जास्त काळ ती डोंगरावर ऊनपाऊस झेलत उभी आहे. सीलर दगडाच्या आयुष्यासाठी नाही, तो आपल्या डोळ्यांसाठी आणि डागांपासून बचावासाठी.

शेवटी काय झालं?

शनिवारी फरशी धुतली, पुढच्या शनिवारी सीलर लावला. बाबा खुर्ची टाकून सुपरव्हायझरच्या थाटात बसले होते. तीसपैकी पंचवीस फरशा अशा खुलल्या, की आईनं लगेच रांगोळीचा डबा बाहेर काढला. नळाजवळच्या पाच मात्र फिक्याच राहिल्या. माझी बाटली तिथेच रिकामी झाली होती. जिथे अ‍ॅसिडनं खोल खाल्लंय, तिथे सीलरची जादू चालत नाही. पॉलिशवाल्याला बोलावून वरचा थर घासून घ्यावा लागतो.

मी म्हटलं, ‘बाबा, मशीनवाल्याला फोन करू का?’

ते फरशीकडे बघत म्हणाले, ‘राहू दे. तुझी दिवाळी आहे ती.’

मिस्त्रींना फोन केला, पण पेव्हर ब्लॉक नको हे सांगायला. २०२४ मध्ये आमचं शहर कागदोपत्री अहिल्यानगर झालं, तरी घरच्यांच्या तोंडी अजून नगरच आहे. जुनं काही चटकन सुटत नाही आमच्याकडे. फरशी तरी कशी सुटेल?