पाप की पाणी? येशूची विहीर आणि आपले ख्रिस्ती भाऊबंद

वस्तीतल्या एखाद्या घरात रविवारी ख्रिस्ती प्रार्थना सुरू झाली की आपल्या कार्यकर्त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती घेतले?" दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारतच नाही. वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना या पहिल्या प्रश्नाचा आता वीट आला आहे. येवल्याच्या १३ ऑक्टोबर १९३५ च्या घोषणेनंतर बाबासाहेबांच्या हेतूंवरही शंका घेणारे कमी नव्हते. तोच संशय आपण आपल्याच भाऊबंदांवर घ्यायचा असेल, तर सनातन्यांत आणि आपल्यात फरक तो काय राहिला? आणि दुष्काळात कुणी भाकरीसाठी मिशनच्या दारात गेलाही असेल, तर लाज त्याने वाटून घ्यायची की ज्यांनी त्याला उपाशी ठेवले त्यांनी?

आमची भूमिका आधीच सांगून टाकतो. आम्ही बौद्ध आहोत, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरात वाढलो आहोत. ईश्वर, आत्मा, स्वर्ग यांतले काहीही आम्हाला मान्य नाही. येशू पाण्यावर चालला की नाही, या वादात आम्हाला रस नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्याला गावकुसाबाहेर ठेवले तो माणूस चर्चमध्ये जातो, बायबल उघडतो, डोळे मिटून प्रार्थना करतो, तेव्हा त्याला तिथे काय सापडते? आणि जे सापडते ते त्याला ताठ उभे करते की आणखी वाकवते?

उत्तर शोधायला बायबलमधली एक गोष्ट घेऊ. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात ती आहे. भर दुपारची वेळ. चालून दमलेला येशू याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. शिष्य अन्न विकत आणायला गावात गेलेत. पाणी काढायला त्याच्याकडे पोहरा नाही. एक शोमरोनी बाई घागर घेऊन येते आणि तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. बाई चकित होते. तुम्ही यहुदी, मी शोमरोनी, माझ्याकडे पाणी मागता कसे? यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, हे शुभवर्तमानकारानेच तिथे सांगून ठेवले आहे. युरोपातल्या वाचकाला हे वाक्य समजावून सांगावे लागते. आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागेल?

पण ही गोष्ट व्यासपीठावरून कशी सांगितली जाते, ते ऐका. आम्ही ऐकलेल्या बहुतेक उपदेशांत पाणी दोन मिनिटांत संपते आणि पुढचा अर्धा तास त्या बाईच्या पाच नवऱ्यांवर जातो. ती पापी, ती पतित, येशूने तिच्या पापाचा हिशेब मांडला, म्हणून बंधुभगिनींनो पश्चात्ताप करा. आता तो अध्याय स्वतः काढून वाचा. त्यात पाप हा शब्दच नाही. येशू तिला क्षमा करत नाही, कारण तो तिच्यावर आरोपच ठेवत नाही. तो तिच्याशी उपासनेबद्दल बोलतो. कुठल्या डोंगरावर उपासना करावी, हा यहुदी आणि शोमरोनी यांचा जुना तंटा होता, आणि येशू तिला सांगतो की उपासना ना त्या डोंगराला बांधलेली आहे, ना यरुशलेमला. नंतर ती घागर तिथेच टाकून गावात धावते, गावकरी त्याला थांबवून घेतात आणि तो त्या गावात दोन दिवस राहतो. दोन दिवस राहिला म्हणजे शोमरोन्यांच्या घरचे अन्न खाल्ले असणार, त्यांच्या भांड्यातले पाणी प्याले असणार. उपदेशकांना हे दोन दिवस दिसत नाहीत.

पाप आणि पाणी, या दोन वाचनांत ख्रिस्ती धर्माचा आपल्या देशातला सगळा पेच आला. बाबासाहेबांनी तो फार आधी पकडला होता. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीबद्दल लिहिताना त्यांनी दाखवले की हिंदू धर्म माणसाच्या दुःखाचे कारण पूर्वजन्मीच्या कर्मात सांगतो, मिशनरी ते मूळ पापात सांगतात. पण ज्या समाजव्यवस्थेने त्याला चिरडले तिच्याकडे बोट दोघेही दाखवत नाहीत. मग धर्म बदलूनही माणूस स्वतःलाच दोषी समजत बसतो, लढायला उठत नाही. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना बाबासाहेबांनी हेच त्यांच्या तोंडावर सांगितले. तुमच्यात शिकलेले कितीतरी आहेत, पण अन्यायाविरुद्ध अशिक्षित अस्पृश्य लढले तितकेही तुम्ही लढला नाहीत, असा त्यांचा सूर होता. आणि त्याच भाषणात त्यांनी असेही म्हटले की धर्मांच्या तौलनिक अभ्यासात त्यांचे मन वेधून घेणाऱ्या दोन व्यक्ती म्हणजे बुद्ध आणि ख्रिस्त. आपल्या पोरांना यातला पहिला भाग माहीत असतो, दुसरा सांगितला की ते चमकतात.

एक फरक मात्र आम्ही विसरू देणार नाही. विहिरीवर वरच्याने खालच्याकडे पाणी मागितले. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर आपण कुणी मागण्याची किंवा देण्याची वाट पाहिली नाही, स्वतःच्या ओंजळीने पाणी घेतले. विहिरीची गोष्ट मोठी आहे, पण तिचा नायक बाहेरून आलेला आहे.

हे ज्यांना आतून जाणवले असे लोक ख्रिस्ती समाजातही होते. आधी आपल्या मुक्ता साळवेकडे जाऊ. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये छापला 'ज्ञानोदय'ने, म्हणजे मिशनऱ्यांच्या नियतकालिकाने. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा ग्रंथ कोणता, आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल. पुढे पन्नासेक वर्षांनी त्रावणकोरात पोयकयिल योहन्नान यांनी तोच सवाल बायबललाच विचारला. १८७९ मध्ये अस्पृश्य, गुलाम राहिलेल्या कुळात ते जन्मले, सिरियन ख्रिस्ती मालकाच्या घरी राबले, मार थोमा चर्चमध्ये उपदेशक झाले आणि तिथल्या जातीयतेला कंटाळून बाहेर पडले. बायबलमध्ये रोमकरांना पत्र आहे, करिंथकरांना पत्र आहे, त्रावणकोरच्या पुलयांना लिहिलेले पत्र कुठे आहे, असे ते सभेत विचारत, असे सांगितले जाते. पुढे त्यांनी प्रत्यक्ष रक्षा दैव सभा काढली. प्रत्यक्ष रक्षा, म्हणजे मेल्यानंतरचा स्वर्ग नको, तारण इथेच, याच जन्मी हवे. आमच्या मते भारतातल्या ख्रिस्ती धर्मविचारातला हा सगळ्यात खरा प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्याला चर्च सोडावे लागले.

१९८१ मध्ये बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मल यांनी एक व्याख्यान दिले आणि दलित ईश्वरशास्त्राची सुरुवात झाली. भारतीय ख्रिस्ती विचारवंत वेदान्ताशी जुळवून घेण्यात रमले, चर्चमध्ये बहुसंख्येने बसणारा दलित त्यांच्या लिखाणात नाहीच, हे त्यांनी स्पष्ट मांडले. अनुवाद या ग्रंथात इस्राएल लोकांना पहिले पीक अर्पण करताना आपला पूर्वज भटका अरामी होता, मिसरात गुलाम होता, असा स्वतःचा इतिहास म्हणून दाखवायचा असतो. निर्मल यांचे म्हणणे असे की आमचाही पंथस्वीकार आमच्या पूर्वजांच्या हालांपासूनच सुरू झाला पाहिजे. उपासनेत दुसऱ्यांचे पूर्वज किती दिवस आळवायचे? ज्याने भीमा कोरेगावला १ जानेवारीला मानवंदना दिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. इतिहास मोठ्याने म्हणणे हीही एक उपासनाच आहे.

मराठी चर्चमध्ये 'उपासना संगीत' उघडले की नारायण वामन टिळकांची भजने येतात, पेटी-तबला लागतो, आणि गाणे खरोखर सुंदर होते. आम्ही मागच्या बाकावर बसून ते मनापासून ऐकले आहे. पण टिळक चित्पावन घरातून आले, त्यांनी आणला तो वारकरी संतांचा सूर. आपल्या मांगवाड्यातली हलगी त्या उपासनेत फारशी आली नाही. तमिळनाडूत मात्र पराई आली. मेलेल्या माणसापुढे वाजवायचे म्हणून ज्या वाद्याला आणि ते वाजवणाऱ्या पराइयरांना अस्पृश्य ठरवले, ते वाद्य तिथल्या दलित ख्रिस्त्यांनी प्रार्थनेत आणले. मदुराईच्या धर्मशाळेतले थिओफिलस अप्पावू लोकगीतांच्या चालीवर उपासना रचत आणि सगळ्यांनी एका भांड्यात शिजवून एकत्र खाण्यावर भर देत.

कारण खरी परीक्षा जेवणाची असते. प्रभुभोजनाची भाकर एक, प्याला एक, हे ख्रिस्ती उपासनेचे काळीज. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौलाने त्यांना पत्रात झापले होते. त्याच पौलाने दासांना आज्ञाधारक राहायला सांगितले, हेही लिहून ठेवतो. मग आपल्याकडे काय झाले? १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मांतरित ब्राह्मणांना जानवे आणि शेंडी ठेवायची मुभा दिली. तिरुनेलवेलीतल्या वडक्कनकुलमला वेल्लाळ आणि ज्यांचा तेव्हा विटाळ मानत ते नाडर यांना एकमेकांचे तोंड दिसू नये म्हणून चर्चलाच दोन वेगळ्या शाखा काढल्या, वेदी तेवढी सामाईक. मधली भिंत पडली ती १९१० मध्ये. त्रिचीच्या ख्रिस्ती स्मशानभूमीतली भिंत तर मेलेल्यांची जात राखते. कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये स्वतःच्याच धोरणात मान्य केले की देशातल्या सुमारे १ कोटी ९० लाख कॅथोलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित आहेत आणि नेतृत्वात मात्र ते नगण्य आहेत. २०२२ मध्ये हैदराबादचे अँथनी पूला पहिले दलित कार्डिनल झाले. सेंट थॉमसची परंपरा पहिल्या शतकाची म्हणून सांगतात. हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता आजच्या वस्तीकडे या. मोठ्या चर्चपेक्षा जास्त गर्दी आता पत्र्याच्या शेडमधल्या प्रार्थनेला असते, आणि तिथे बायका जास्त. चंगाईच्या नावाने औषध बंद करायला लावणारे पास्टर आम्ही पाहिलेत, त्यांच्याशी भांडलोही आहोत आणि पुढेही भांडू. क्षयरोगाच्या गोळ्या सोडायला सांगणारा माणूस कुठल्याही देवाचा असो, तो गुन्हेगारच. पण चंगाईपलीकडे त्या बायांना काय मिळते, हे विचारल्यावर उत्तरे एकसारखी येतात. नावाने हाक मारतात. काय दुखते ते पूर्ण ऐकून घेतात. डोक्यावर हात ठेवतात. ज्या जातीचा स्पर्श पिढ्यान्‌पिढ्या टाळला गेला, तिच्या बाईच्या डोक्यावर कुणीतरी सगळ्यांदेखत हात ठेवतो, याचा अर्थ समजायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून दहा जणी मिळून रडतात, आणि बुधवारी पुन्हा येतात. आपला विहार मात्र १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन सोडून कुलूपबंद असतो. किल्ली अध्यक्षांकडे, अध्यक्ष गावाला. वंदना पालीत होते, अर्थ विचारला तर चिडतात. ही बाई तिथे का गेली, असे आम्हाला विचारण्याआधी कुलूप कुणी लावले ते विचारा.

राहिला कायद्याचा मुद्दा, आणि तिथे आपली खरी कसोटी आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये आपण बौद्ध आलो. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजून बाहेर आहेत. मद्रासमध्ये रस्त्याकडेला चपला शिवणाऱ्या सूसाईंना सरकारी टपरी मिळाली नाही, कारण ती हिंदू चांभारांसाठी होती आणि ते ख्रिस्ती होते. सुप्रीम कोर्टात गेले, तर १९८५ मध्ये कोर्टाने सांगितले की धर्मांतरानंतरही तितकीच तीव्र सामाजिक हीनता उरते हे सिद्ध झालेले नाही. हातात तीच आरी, समोर तीच चप्पल! रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढायची शिफारस केली, ती धूळ खात पडली, आणि २०२२ मध्ये सरकारने बालकृष्णन आयोग नेमला. दर्जा नाही म्हणून अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही नाही. मारणारा मात्र जात बघूनच मारतो, बाप्तिस्म्याचा दाखला बघून नाही.

"आपल्या वाट्यात वाटेकरी नकोत," असे आपलेच काही लोक खासगीत बोलतात. १९९० पर्यंत आपल्याबद्दलही हेच बोलले जात होते. लोकसंख्या वाढली तर टक्केवारीही वाढवून मागायची, ही मागणी दोघांनी मिळून करण्यात अडचण कोणती आहे? केंद्राच्या सवलतींसाठी आपल्या वडीलधाऱ्यांना घरात बौद्ध आणि कागदावर हिंदू-महार राहावे लागले, ते दिवस आपल्या घरात अजून आठवणारे लोक आहेत. आज तेच दुसऱ्या पोराच्या वाट्याला आले आहे. त्याला रविवारी मंडळीत ज्या नावाने हाक मारतात, ते नाव सोमवारी तहसील कचेरीत सांगता येत नाही.