पोरांना सगळं येतं म्हणे!

निकाल लागले की तहसील कचेरीसमोरच्या आमच्या अर्ज भरायच्या सेंटरवर पाय ठेवायला जागा नसते. पोरगं पुढे, आई-बाप मागे. आई कौतुकाने सांगते, "ताई, मोबाइलमधलं त्याला सगळं येतं बघा." मी म्हणते, उत्पन्नाच्या दाखल्याची पीडीएफ दे. तो व्हॉट्सॲप उघडतो आणि मामाला कधीतरी पाठवलेला फोटो हुडकत बसतो. सापडतो तेव्हा दाखल्याच्या चारही बाजूंनी चादरीवरची फुलं. साइज कमी कसा करायचा, डाउनलोड केलेली फाईल जाते कुठे, याचा त्याला पत्ता नसतो. असणार कसा? फोनवर ॲप उघडलं की हवं ते समोर येतं. फोल्डरशी त्याची गाठ पडतेच कधी?

त्याच रांगेत एक निवृत्त अव्वल कारकून असतात. रेमिंग्टन टाइपरायटरवर बसलेला हात. अर्ज टाइप करायला बसले की स्क्रीनकडेच काय, बोटांकडेही बघत नाहीत. पण बँकेचं ॲप म्हटलं की "आमच्या वयाला हे जमायचं नाही," म्हणून फोन नातवाच्या हातात. पैसे जातील ही त्यांची भीती मात्र खोटी नाही. ओटीपी मागणारे भामटे कुणाला गाठतात, ते मी रोज ऐकते.

अमेरिकेतल्या मार्क प्रेन्स्की यांनी 2001 साली नव्या पिढीला 'डिजिटल नेटिव्ह', म्हणजे डिजिटल जगातच जन्मलेली, म्हटलं. त्याच वर्षी आपल्याकडे एमकेसीएल, म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, स्थापन झालं. पुढे त्यांची एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा आली आणि वेतनवाढ अडकेल म्हणून चाळिशी-पन्नाशीचे गुरुजी, कारकून माउस धरायला शिकले. काहींनी परीक्षेपुरतंच केलं, हेही खरं. पण ज्यांच्या टेबलावर रोजचं काम आलं, त्यांचा हात टिकला. तिथे वय आड आलं नाही.

'पोरांना येतंच' हा समज फार सोयीचा आहे. शाळेतल्या संगणक खोलीला कुलूप लावता येतं. कचेरीत नव्या पोरीपुढे एक्सेल टाकून मोकळं होता येतं. तिलाही विचारायची लाज वाटते. आणि साहेब निवृत्तीला आले म्हणून त्यांचं नाव प्रशिक्षणाच्या यादीतून गळतं. लिपिक-टंकलेखकाच्या भरतीत मात्र मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचीच अट आहे. तिथे दोन अंगठे चालत नाहीत. पदवीधर पोरं तेव्हा टायपिंगच्या क्लासला येऊन पहिल्या धड्यापासून गिरवतात.

या अडाणीपणावरच माझं दुकान चालतं, तरी सांगते. आठवी-नववीला आठवड्यातून एक तास द्या: फाईलला नाव देणं, ती ठरल्या जागी ठेवणं, पीडीएफ लहान करणं, विषय लिहून मेल पाठवणं. आणि काका, नातू शेजारी बसू दे, पण बटण तुम्हीच दाबा. मागची माणसं थांबतील.