नेहमीचे मरण

नागरिकशास्त्राच्या तासाला संयुक्त राष्ट्रसंघाचा धडा चालू असता एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, जगात एवढे प्रश्न आहेत, त्यांतला कोणता आधी हाती घ्यायचा, हे ठरवतं कोण?" पुस्तकात संस्थांची नावे, स्थापनेची साले आणि मुख्यालये होती, या प्रश्नाचे उत्तर मात्र नव्हते. घंटा झाली म्हणून त्या दिवशी आम्ही सुटलो. परंतु सुरतेत राहणाऱ्या शिक्षकाने तरी हा प्रश्न टाळू नये, असे मागाहून वाटले. कारण जगाच्या आरोग्याचे नियम बदलले जाण्यास आमचे हे शहर एक कारण झाले आहे.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगची बातमी उठली आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग असल्याचे जाहीर झाले. पुढील हकीकत आमच्या अनेक विद्यार्थ्यांना घरी आजोबांच्या तोंडून ऐकावयास मिळेल. यंत्रमाग बंद पडले. खानदेशातून पोटासाठी आलेली बिऱ्हाडे ताप्ती लाइनच्या गाड्यांनी नंदुरबार-जळगावकडे परतली. थोड्या दिवसांत काही लाख लोकांनी शहर सोडले. कित्येक देशांनी भारताची विमाने थांबविली व मालही अडविला. जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक हिरोशी नाकाजिमा हे स्वतः भारतात येऊन गेले. आणि मृतांचा सरकारी आकडा? तो साठाच्या आतच राहिला. पुढल्याच वर्षी, मे १९९५ मध्ये, संघटनेच्या जागतिक सभेने आपले जुने आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम सुधारण्याचा ठराव केला. त्या नियमांप्रमाणे जगाला खबर द्यावयाचे रोग तीनच होते : पटकी, प्लेग आणि पीतज्वर. नवे नियम २००५ साली संमत झाले व २००७ पासून अमलात आले.

हे नियम विद्यार्थ्यांनी अवश्य समजून घ्यावेत. एखाद्या देशात साथ उद्भवली म्हणजे तेथील सरकारने स्वतःला चार प्रश्न विचारावयाचे असतात. आरोग्यावरील परिणाम गंभीर आहे काय? घटना विलक्षण किंवा अनपेक्षित आहे काय? ती सरहद्द ओलांडण्याचा धोका आहे काय? तिच्यामुळे प्रवासावर वा व्यापारावर बंधने येण्याचा संभव आहे काय? चारांपैकी दोहोंचे उत्तर होकारार्थी आले, की चोवीस तासांच्या आत जिनीव्हास कळवावयाचे. चारांपैकी दोन प्रश्न सरहद्दीचे आणि व्यापाराचे आहेत, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. याचे मूळ जुने आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा युरोपातील राष्ट्रांनी १८९७ मध्ये व्हेनिस येथे खास प्लेगसाठी परिषद भरविली. त्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबाच्या अंमलाखाली काय चालले होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु व्हेनिसमध्ये जमलेल्यांची मुख्य काळजी पुणेकरांची नव्हती; हा रोग युरोपच्या दारी येऊ नये, ही होती.

आता सुरत जिल्ह्यातीलच दुसरा एक रोग घ्या. मांडवी, महुवा, बारडोली या तालुक्यांत पाऊस पडला की भातलावणी सुरू होते. उंदराच्या मुत्राने दूषित झालेल्या चिखलात मजूर दिवसभर अनवाणी उभा असतो. पायावरच्या एखाद्या चिरेतून जंतू अंगात शिरतात, ताप येतो, डोळे पिवळे होतात आणि उपचारास उशीर झाला तर मूत्रपिंडे निकामी होऊन माणूस दगावतो. हाच लेप्टोस्पायरोसिस. खेडोपाडी त्याला नुसते 'लेप्टो' म्हणतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे जगात दरवर्षी याचे सुमारे दहा लाख रुग्ण होतात आणि सुमारे ५९ हजार माणसे मरतात.

या रोगाला ते चार प्रश्न विचारून पाहा. गंभीर? होय. अनपेक्षित? छे, तो दर पावसाळ्यास येतो. सरहद्द ओलांडील? चिखलात उभा असलेला मजूर विमानात बसत नाही. व्यापार थांबेल? एक पोतेही अडणार नाही. चारांपैकी एकच होकार; सबब जिनीव्हास कळविण्याचे कारण नाही. नेहमी मरणारा माणूस नियमात बसत नाही तो असा.

यावर कोणी म्हणेल, की ते नियम आणीबाणीचे आहेत; बंब आगीकडेच धावावयाचा. हे आम्हांस मान्य आहे. जुन्या व रेंगाळणाऱ्या रोगांसाठी संघटनेने निराळी यादी केली आहे आणि तिला 'दुर्लक्षित रोगांची यादी' असे प्रांजळ नाव दिले आहे. परंतु तीतही लेप्टो नाही! या यादीत नाव चढते कसे? सर्पदंश २०१७ साली तीत आला. २०१८ च्या जागतिक सभेत त्यावर ठराव झाला. त्यात पुढाकार कोस्टा रिका व कोलंबिया या देशांनी घेतला. सर्पदंशाने सर्वांत अधिक माणसे मरतात ती मात्र आपल्या देशात. आम्ही कोकणातले, फुरशाच्या भीतीने काठी आपटीत चालण्याची सवय आम्हांस लहानपणापासून आहे, म्हणून हे वाचून थोडी लाज वाटली. तोंड सडविणारा 'नोमा' हा रोग नायजेरियाने नेट धरल्यामुळे २०२३ च्या डिसेंबरात यादीत आला. सारांश, जो मागतो त्याचे नाव लागते. पैशाचीही एक बाजू आहेच. सभासद राष्ट्रांच्या नेमून दिलेल्या वर्गणीतून संघटनेचा पाचवा हिस्साही खर्च भागत नसे. उरलेला पैसा ऐच्छिक देणग्यांचा, आणि त्यांतील बराचसा अमुक कामासाठीच म्हणून बांधून दिलेला. २०२२ मध्ये ही वर्गणी टप्प्याटप्प्याने वाढविण्याचे ठरले आहे.

तरीही सगळा दोष जिनीव्हावर टाकणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आमच्या गावी, गोव्याच्या सीमेलगत, शेजारचा एक गडी ऐन लावणीत तापाने पडला. डोळे पिवळे दिसले म्हणून कावीळ ठरली. झाडपाला झाला, मंत्र झाला, आठव्या दिवशी तो गेला. रक्त तपासले नाही. त्याला लेप्टोच झाला होता असे आम्ही म्हणू शकत नाही, आणि नव्हता असेही कोणी म्हणू शकणार नाही. दप्तरात तो 'तापाने' मेला. अशी माणसे कोणत्याच आकड्यात येत नाहीत. आणि आकडा हाती नसता दिल्लीने मागावे तरी कशाच्या आधारावर?

संघटनेच्या कार्यकारी मंडळात ३४ जण असतात. जानेवारीत ते बसतात आणि मे महिन्याच्या सभेपुढे काय ठेवावयाचे ते ठरवितात. भारताने तेथे लेप्टोचे नाव घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याच्या भूमीवर लावणीचा एवढा चिखल आहे, त्याने नाही तर कोणी घ्यावे? तोवर, आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे सुट्टीत किंवा सणावारी गावी जातात त्यांनी एवढे करावे : घरात कोणास लावणीच्या दिवसांत ताप आला, तर त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, आपण चिखलात काम करतो हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, आणि रक्त तपासून घेऊन तपासणीचा कागद मागून घ्यावा.