दारावरची पाटी

दारावर नावाची पाटी लावली म्हणजे माजघरात शिरायचा परवाना दिला, असे कोणी म्हणेल काय? नोकरीधंद्याच्या ओळखी जुळवणारी संकेतस्थळे मात्र नेमके तेच म्हणतात. मित्रांच्या आग्रहाखातर मीही अशा एका स्थळावर नाव घातले. एका रविवारी तिथल्या माहितीत दोन ओळी बदलल्या. स्थळाने ती वार्ता परस्पर सहकाऱ्यांना कळवली. सोमवारी मुख्याध्यापकांनी विचारले, "काय सर, दुसरीकडे जायचे मनात आहे वाटतं?" अहो, मी घरीदेखील बोललो नव्हतो! त्याच रात्री खाते बंद केले.

"लपवायचे काही नसेल, तर भ्यायचे कशाला?" असे आमचे एक स्नेही म्हणतात. मग पगाराचे पाकीट आपण भर गल्लीत का उघडत नाही? त्यात काय चोरीचा पैसा असतो? २०१२ साली लिंक्डइनमधून चोरलेली माहिती २०१६ साली विक्रीला आली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी सव्वीस अब्जांहून अधिक डॉलरना विकत घेतली. आपण फुकट दिलेल्या माहितीला चोरबाजारात मोल आले, साव बाजारातही आले. आपल्या हाती मात्र छदाम नाही!

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. तो हक्क आपणच उंबऱ्याबाहेर टाकला, तर न्यायालय काय करणार?

नोकरीसाठी जावेच लागले, तर जरूर जा. पण जन्मतारीख, फोन आणि मित्रांची यादी घरी ठेवून जा. नोकर वेळ विकतो, कष्ट विकतो. मन विकत नाही. या दिवाळीत पणती उंबऱ्यावर लावा. माजघराचे दार मात्र लोटून घ्या.