शिकण्याची किंमत रुग्णाने का मोजावी?

शिक्षणाला खर्च येतो, हे कोणाला वेगळे पटवून द्यावे लागत नाही. इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा, शिक्षकांचे वेतन ही त्या खर्चाची उघड बाजू होय. परंतु काही व्यवसायांच्या शिक्षणात असाही एक खर्च असतो की, जो कोणत्याही संस्थेच्या ताळेबंदात दिसत नाही. सुताराचा शिकाऊ हात चुकला तर फळी वाया जाते. शिंप्याचा चुकला तर कापड वाया जाते. परिचारिकेचा शिकाऊ हात चुकला, तर त्याचे मोल रुग्णाच्या शरीराला द्यावे लागते. सलाईनसाठी शीर सापडेपर्यंत तीन ठिकाणी सुई टोचून घेणे हे त्यातले सौम्य उदाहरण. औषधाच्या मात्रेतील चूक हे गंभीर. हा न दिसणारा खर्च आजवर मुख्यतः सार्वजनिक रुग्णालयांच्या सर्वसाधारण वॉर्डातील रुग्णांनी सोसला आहे. पैसे मोजून स्वतंत्र खोली घेणारा रुग्ण ‘अनुभवी सिस्टर पाठवा’ असा आग्रह धरू शकतो; फुकट खाटेवरच्या रुग्णाला तो धरता येत नाही. परिचारिका-शिक्षणाचा विचार करताना या विषम वाटणीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

हा भार रुग्णाच्या अंगावरून उतरवून संस्थेच्या अंदाजपत्रकात आणण्याचा एक मार्ग आज उपलब्ध आहे. ‘सिम्युलेशन’ या नावाने तो ओळखला जातो. मराठीत त्याला प्रतिरूप-शिक्षण म्हणता येईल. खाट, सलाईनची बाटली, प्राणवायूची नळी, केसपेपर असा सगळा सरंजाम खराखुरा ठेवायचा. खाटेवर मात्र रुग्णाऐवजी मानवाकृती पुतळा किंवा रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती असते. प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबत नाही, किंवा रक्त चढवताना रुग्णाला अचानक हुडहुडी भरली, असा एखादा प्रसंग विद्यार्थिनींच्या गटापुढे उभा केला जातो. नाडी कोणी पाहावी, रक्ताची पिशवी कोणी बंद करावी, डॉक्टरांना काय आणि कोणत्या शब्दांत कळवावे, हे त्यांनीच ठरवायचे असते. प्रसंग संपल्यावर शिक्षिका सर्वांना एकत्र बसवून झाल्या कृतीचा कारणांसह फेरविचार घडवते. जाणकारांच्या मते या पद्धतीचा गाभा पुतळ्यात नसून या फेरविचारातच आहे.

ही कल्पना कालपरवाची नव्हे. अमेरिकेत हार्टफर्ड येथील रुग्णालयाच्या परिचारिका-विद्यालयासाठी मार्था चेस या बाहुल्या तयार करणाऱ्या बाईंनी 1911 मध्ये माणसाच्या उंचीची एक बाहुली बनवली. ‘मिसेस चेस’ या नावाने ती प्रसिद्ध झाली आणि रुग्णाला उचलणे, कूस बदलणे, अंग पुसणे हे पाठ परिचारिकांच्या अनेक पिढ्या अशा बाहुल्यांवर गिरवत आल्या. पुढे 1960 मध्ये नॉर्वेतील आस्मुंड लॅर्डल या खेळणी-उत्पादकाने कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकवण्यासाठी ‘रेससी अ‍ॅन’ हा पुतळा बाजारात आणला. विमानचालनाच्या क्षेत्रात हेच तत्त्व अधिक कठोरपणे प्रस्थापित झाले. एडविन लिंक यांनी 1929 मध्ये तयार केलेल्या जमिनीवरील प्रशिक्षण-यंत्राकडे आरंभी फारसे कोणी लक्ष दिले नाही. 1934 मध्ये टपाल वाहून नेणारे अमेरिकी लष्कराचे अनेक वैमानिक खराब हवामानात मृत्युमुखी पडले, तेव्हा लष्कराने ती यंत्रे विकत घेतली. समाज अनेकदा प्राणांची किंमत मोजल्यानंतरच शहाणा होतो, असा याचा अर्थ.

वॉर्डातील प्रत्यक्ष कामातूनच खरे शिक्षण मिळते, हा परंपरागत विचार अगदीच निराधार नाही. परंतु वॉर्ड शिकवतो तो योगायोगाने. एखाद्या विद्यार्थिनीच्या प्रसूतिकक्षातील पाळीच्या काळात गंभीर रक्तस्रावाचा प्रसंग येईलच, असे नाही. आलाच, तर त्या धांदलीत शिकाऊ मुलींना बाजूला उभे केले जाते आणि ते योग्यच असते. परिणामी पदवी हाती घेऊन एखाद्या ग्रामीण रुग्णालयात रुजू झालेली परिचारिका असा प्रसंग आयुष्यात प्रथम हाताळते, तो रात्रपाळीत, डॉक्टर येईपर्यंत एकटीने. जे प्रसंग क्वचित घडतात पण घडल्यास प्राणावर बेततात, त्यांचा सराव प्रतिरूपाखेरीज अन्य रीतीने घडवणे जवळजवळ अशक्य आहे. चूक करून पाहण्याची मुभा जिथे आहे, अशी जागा परिचारिकेला एकदा तरी मिळाली पाहिजे.

या पद्धतीच्या उपयुक्ततेचा पुरावाही आता हाताशी आहे. परिचारिकांच्या परवाना-परीक्षा घेणाऱ्या अमेरिकेतील राष्ट्रीय परिषदेने दहा परिचर्या-संस्थांमध्ये केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांचे तीन गट पाडण्यात आले होते. एका गटाचे रुग्णालयातील काम पूर्वीप्रमाणेच ठेवले. दुसऱ्या गटाच्या त्या तासांपैकी 25 टक्के आणि तिसऱ्याच्या 50 टक्के तासांच्या जागी प्रतिरूप-शिक्षण दिले. अखेरपर्यंत टिकलेल्या 666 विद्यार्थ्यांचे ज्ञान, कौशल्य आणि परवाना-परीक्षेतील यश यांत तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र हा निष्कर्ष सोयीपुरता उचलता येणार नाही. त्या संस्थांतील शिक्षक या पद्धतीत खास तयार झालेले होते, आणि निम्मे तास तरीही प्रत्यक्ष रुग्णांपाशीच होते.

‘हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत’ हा आक्षेप यानंतर हमखास येतो. बोलणारे, घाम येणारे, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या करणारे संगणकचलित पुतळे महाग असतात, हे खरे. पण पद्धतीचे यश त्या पुतळ्याच्या किमतीवर अवलंबून नाही. जन्मतः श्वास न घेणाऱ्या अर्भकाला पहिल्या मिनिटात श्वास घेण्यास मदत करण्याचा ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला. त्यातली अर्भकाची प्रतिकृती पाणी भरून फुगवायची साधी बाहुली आहे. बेळगाव जिल्ह्यात हे प्रशिक्षण दिल्यानंतरचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. मृत जन्मांचे प्रमाण 3 टक्क्यांवरून 2.3 टक्क्यांवर आल्याचे त्यांत दिसले. जिवंत जन्मलेल्या अर्भकांच्या मृत्युदरात मात्र फरक पडला नाही.

टांझानियातील हायडम येथील रुग्णालयाचा अनुभव याहून बोधप्रद आहे. तेथे एक दिवसाचे प्रशिक्षण दिल्यावर कर्मचारी बाहुलीवर उत्तम काम करू लागले, परंतु प्रसूतिकक्षातील त्यांच्या वागण्यात बदल झाला नाही. मग दर आठवड्याला कामाच्या जागीच काही मिनिटांचा सराव सुरू करण्यात आला, आणि जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतील अर्भकमृत्यू कमी झाले. एकदाच उरकलेली कार्यशाळा व प्रमाणपत्र यांचे मोल किती, हे यावरून कळावे.

आपल्याकडील धोरणाचा विचार या कसोटीवर व्हायला हवा. भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात कौशल्य-प्रयोगशाळेतील कामाला स्वतंत्र श्रेयांक आहेत. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये 157 नव्या शासकीय परिचर्या महाविद्यालयांसाठी 1,570 कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. म्हणजे महाविद्यालयामागे 10 कोटी. दरवर्षी सुमारे 15,700 पदवीधर त्यांतून बाहेर पडावेत, अशी अपेक्षा आहे. हे पाऊल स्वागतार्हच आहे. तथापि सार्वजनिक खर्चाचा एक जुना रोग येथेही जडण्याची भीती आहे. भांडवली खर्च एकदा मंजूर होतो, त्याची निविदा निघते, वस्तू येते, फीत कापली जाते. आवर्ती खर्चाला मात्र दरवर्षी कोणी वाली नसतो. पुतळा खरेदी होतो, पण त्याचा फाटलेला रबरी हात बदलण्यास पैसे नसतात; प्रयोगशाळा बांधली जाते, पण प्रसंग रचून त्याचा फेरविचार घडवू शकणारी शिक्षिका नेमली जात नाही. मग तपासणीच्या दिवशी कपाट उघडायचे आणि समिती गेली की कुलूप लावायचे, हाच त्या साधनांचा उपयोग उरतो.

दुसरी भीती अधिक गंभीर आहे. ज्या खाजगी संस्थांकडे विद्यार्थी भरपूर, पण रुग्ण अपुरे आहेत, त्यांना प्रतिरूप-शिक्षण ही सोयीची पळवाट वाटू शकते. खाटा नसल्या तरी पुतळे आहेत, असा युक्तिवाद उद्या केला जाईल. तो मान्य करणे घातक ठरेल. पुतळा कण्हत नाही, नातेवाइकांसारखा रागावत नाही, लाजेने दुखणे लपवत नाही. वऱ्हाडातून आलेल्या म्हातारीची तक्रार तिच्या बोलीत समजून घेणे, मरणासन्न माणसाचा हात धरून बसणे, हे रुग्णाच्या सहवासातच साधते. पुतळ्यावर हात तयार झालेली विद्यार्थिनी जेव्हा वॉर्डात जाते, तेव्हा तिचे लक्ष सुईवरून रुग्णाच्या चेहऱ्याकडे वळू शकते, हाच या तयारीचा खरा लाभ. प्रतिरूप ही वॉर्डाची पूर्वतयारी होय, वॉर्डाचा पर्याय नव्हे.

यासाठी काही गोष्टी करणे अवघड नाही. ठरावीक मूलभूत कृती पुतळ्यावर निर्दोष जमल्याखेरीज कोणाही विद्यार्थ्याला त्या रुग्णावर करू देऊ नयेत. प्रत्येक महाविद्यालयाने महागडे यंत्र घेऊन ते गंजत ठेवण्यापेक्षा जिल्ह्यातील संस्थांनी मिळून एक सुसज्ज केंद्र चालवावे, आणि शासकीय रुग्णालयांत नोकरीत असलेल्या परिचारिकांनाही तेथे नियमित सराव मिळावा. साध्या बाहुल्या मात्र प्रत्येक प्रसूतिकक्षाजवळ असाव्यात. मंजूर निधीचा निश्चित हिस्सा शिक्षकांच्या तयारीसाठी आणि देखभालीसाठी राखून ठेवावा. सरावातील चुकांचे गुण कापले जाऊ नयेत. चूक लपवण्याची सवय प्रयोगशाळेत लागली, तर ती वॉर्डातही सुटत नाही. आणि संस्थांची तपासणी करताना पुतळे किती आहेत हे मोजण्याऐवजी विद्यार्थ्यांनी त्यांवर किती तास काम केले, याची नोंद पाहावी.

या सर्वाला पैसा लागेल, यात शंका नाही. पण हा खर्च नव्याने निर्माण होतो आहे असे समजणे चूक आहे. तो आजही होतच आहे. फक्त तो जमाखर्चात न दिसता रुग्णाच्या खाटेवर फेडला जातो, आणि तोही ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांच्याकडून. तो उघडपणे अंदाजपत्रकात मांडून सर्वांनी मिळून उचलणे, एवढाच प्रश्न आहे.