रात्रपाळीच्या मावशींचा पगार

वृद्धांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचा हिशोब आणि रोजचा कारभार मी पाहते. रमजानमध्ये माझा फोन थांबत नाही. कुणाला ब्लँकेटं वाटायची असतात, कुणाला इफ्तार द्यायचा असतो. मी विचारते, "रात्रपाळीच्या मावशींचा पगार द्याल का?" उत्तर ठरलेलं: "आमचा पैसा थेट गरजूंना जावा."

पण अंथरुणाला खिळलेल्या दादींची कूस रात्री दोन वाजता कोण बदलतं? ती बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. ते काम ब्लँकेट करत नाही. डायपर आणि रक्तदाबाच्या गोळ्या बाराही महिने लागतात; देणग्या मात्र एकाच महिन्यात येतात.

सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत जकात गोळा करणारे, तिची व्यवस्था पाहणारेही आहेत. म्हणजे व्यवस्थेला खर्च येतो, हे आपल्या दीननेच मान्य केलंय. पगाराला जकात चालेल का अशी शंका असेल, तर सदका द्या.

मात्र आम्हाला जाबही विचारा. जकातीचा हिशोब वेगळा ठेवता का? पावती देता का? ऑडिट झालं का? विश्वासाच्या नावाखाली हिशोब टाळणाऱ्या संस्थेला एक रुपयाही देऊ नका.

आणि तुमच्यातले बी.कॉम. झालेले कुठे आहेत? महिन्यातला एक रविवार जवळच्या संस्थेच्या वह्यांना द्या. तीही खिदमतच आहे.